प्लगचा वॅटमीटर आणि दोनशे युनिटांची रेघ

लाईट बिल वाढलं की बेळगावकडं पहिला संशय मिक्सरवर जातो, कारण आवाज त्याचा मोठा. त्याखालोखाल मायक्रोवेव्हवर. फ्रिज कोपऱ्यात गप्प उभा असतो, त्याच्याकडे कुणी बघत नाही. हा संशय आकड्यांत उतरवायचं साधं साधन म्हणजे प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर. भिंतीच्या सॉकेटात हा बसतो आणि याच्या तोंडात उपकरणाची पिन. हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या मालाचं नाही, हजार-दीड हजार रुपयांच्या आत-बाहेर मिळणाऱ्या १६ अँपिअरच्या या जातीचं आहे. या किमतीतल्या मीटरांत कामाचा फरक थोडा आणि खोक्यावरच्या नावाचा जास्त.

निकाल आधीच सांगतो. वस्तू कामाची आहे, पण वर्षभर लावून ठेवायची नाही. पंधरा दिवसांत घरातली सगळी उपकरणं मोजून होतात, मग तो शेजारी द्यावा. चार घरांत मिळून एक घेतला तरी चालतो. आणि त्याच्या पडद्यावरचा रुपयांचा आकडा कर्नाटकात जवळजवळ निरुपयोगी आहे, तो का ते पुढे येतंच.

खडेबाजार किंवा गणपत गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात ‘करंट मोजायचा मीटर’ मागितला तर बरेचदा क्लॅम्प मीटर पुढे येतो. तो वायरमनच्या कामाचा. तो त्या क्षणाचे अँपिअर दाखवतो, युनिट मोजत नाही. फ्रिजसारखं चालू-बंद होणारं उपकरण त्याने कळत नाही. मागताना ‘युनिट दाखवणारा, प्लगचा, मोठ्या पिनचा’ असं सांगावं. छोट्या पिनचे ६ अँपिअरचे मीटरही मिळतात. ६ अँपिअर म्हणजे २३० व्होल्टला १३८० वॅट. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी ८.७ अँपिअर ओढते, म्हणजे तो तिथेच बाद.

घेताना तीन गोष्टी हाताने तपासाव्यात. पहिली, पिना भारतीय मापाच्या गोल आणि जाड हव्यात. सगळ्या देशांच्या पिना चालतात असं मिरवणारं तोंड कुठल्याच पिनेला घट्ट धरत नाही. दुसरी, अर्थिंग. काही स्वस्त मीटरांत वरची जाड पिन नुसती शोभेला असते, आतून जोडलेलीच नसते. मल्टिमीटर कंटिन्यूइटीवर ठेवून मागच्या अर्थ पिनेपासून पुढच्या अर्थच्या भोकापर्यंत ‘बीप’ येते का बघावं. येत नसेल तर परत करावा, कारण स्टीलच्या अंगाचा ग्राइंडर ओल्या हाताने हाताळताना तीच पिन जीव वाचवते. तिसरी, युनिट किती बारीक दाखवतो. दोन दशांशांपर्यंत चालेल, तीन असतील तर मिक्सर-किटलीसाठी सोपं जातं.

पडद्यावर बटण दाबत गेलं की व्होल्ट, अँपिअर, वॅट, पॉवर फॅक्टर, फ्रिक्वेन्सी, युनिट आणि किती तास मोजलं ते येतं. यातले तीनच रोजच्या कामाचे: वॅट, युनिट, तास. व्होल्ट चौथा, पण खानापूर तालुक्यातल्या किंवा फीडरच्या, म्हणजे गावाकडे येणाऱ्या विजेच्या लाईनच्या, शेवटाला असलेल्या गावात तोच पहिला. वॅट म्हणजे आत्ता किती ओढतंय, युनिट म्हणजे आतापर्यंत एकूण किती ओढलं. हजार वॅट एक तास चाललं की एक युनिट. ‘माझा मिक्सर साडेसातशेचा आणि फ्रिज शंभरचा, मग मिक्सरच जास्त खातो’ हा घोटाळा इथूनच सुरू होतो. महिन्याचा अंदाज काढायचा तर युनिटला तासांनी भागून ७२० ने गुणावं.

नव्या मीटरवर विश्वास ठेवण्याआधी त्याची परीक्षा घ्या. इलेक्ट्रिक किटलीत मापून एक लिटर पाणी घाला, मीटर शून्यावर आणा आणि उकळी येऊन किटली आपोआप बंद होईपर्यंत थांबा. २५ अंशांचं एक लिटर पाणी १०० अंशांवर न्यायला ०.०८७ युनिट लागतं, हे भौतिकशास्त्राचं गणित, कुठलीच कंपनी ते बदलू शकत नाही. किटलीचं अंग तापणं आणि वाफ धरून मीटरवर ०.०९ ते ०.११ यायला हवं. ०.०७ किंवा ०.१५ आलं तर मीटर चुकतोय. त्याच वेळी व्होल्ट बघा. १५०० वॅटची किटली २०० व्होल्टवर ११३० वॅटच्या आसपास ओढते. पाणी उशिरा उकळतं, युनिट मात्र जवळपास तेवढंच जातं. ‘व्होल्टेज कमी म्हणून बिल जास्त’ हे तापवणाऱ्या वस्तूंना लागू नाही. मोटारीचं वेगळं, ते फ्रिजच्या वेळी.

या मीटरची खरी किंमत वसूल होते ती फ्रिजवर. मीटर लावून निदान तीन दिवस, ७२ तास, हलवायचा नाही. एका तासाच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. साध्या कॉम्प्रेसरचा एका दाराचा फ्रिज चालू असताना ९० ते १३० वॅट दाखवतो, मग बंद होऊन शून्यावर येतो, पुन्हा सुरू होतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज ३० ते ८० वॅटवर बराच वेळ रेंगाळतो आणि ते बघून ‘हा बंदच होत नाही’ म्हणून काळजी करू नये, त्याची चालच तशी. सुमारे १९० लिटरचा, बऱ्या अवस्थेतला एका दाराचा फ्रिज दिवसाला अर्धा ते पाऊण युनिट खातो. दहा-पंधरा वर्षांचा जुना असेल तर दीड ते दोन युनिटही जातात, म्हणजे महिन्याला पंचेचाळीस ते साठ. घरातली सगळी छोटी उपकरणं मिळून एवढं होत नाही.

फ्रिजच्या दारावरच्या ताऱ्यांच्या लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. त्याला ३६५ ने भागा आणि आपल्या आकड्याशी ताडून बघा. लेबलवर २०० असेल तर रोजचे ०.५५. प्रत्यक्षात दीडपटीच्या वर येत असेल तर मेकॅनिकला बोलवण्याआधी चार गोष्टी बघाव्यात. दाराच्या रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर रबर गेलं. बर्फाच्या कप्प्यात बोटाच्या पेराएवढा बर्फ साचला असेल तर डिफ्रॉस्ट करा. मागची जाळी भिंतीला चिकटली असेल तर चार बोटं पुढे घ्या. आणि नॉब: मे महिन्यात पाचवर नेलेला नॉब बेळगावच्या पावसाळ्यातही पाचवरच असतो, कुणाला आठवत नाही. जुलैत तो दोन-तीनवर आणून पुन्हा तीन दिवस मोजा, फरक आकड्यात दिसेल. ताऱ्यांबद्दल एक जपून: लेबलवरची मुदत वाचा. निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे आठ वर्षांपूर्वीचे पाच तारे आणि आजचे पाच तारे एक नव्हेत. दुकानदार जुना माल ‘फाइव्ह स्टार’ म्हणूनच खपवतो. तारे मोजण्यापेक्षा वर्षाचे युनिट वाचावेत.

वॅटच्या हालचालीवरून फ्रिजचे आजारही ओळखता येतात. साध्या कॉम्प्रेसरचा फ्रिज तासन्‌तास न थांबता ११० वॅटवर चालतोय आणि थंड मात्र होत नाही, तर बहुधा गॅस गळतोय. थंड भरपूर होतोय तरी थांबत नाही, तर थर्मोस्टॅट. दोन-तीन सेकंद वॅट हजारापर्यंत उडून ‘कट्’ आवाज येतो, शून्य होतं, काही मिनिटांनी पुन्हा तेच, तर कॉम्प्रेसर उचलत नाही. अशा वेळी लगेच व्होल्ट बघा. १८०-१९० दिसले तर दोष लाईनचा, स्टॅबिलायझर लागेल. २२० असून तेच होत असेल तर स्टार्टिंग रिले, म्हणजे कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा स्विच. तो भाग स्वस्त आहे; ‘कॉम्प्रेसर गेला’ हे ऐकून घेण्याआधी रिले बदलून बघायला सांगावं. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये मधूनच आवाज बंद आणि वॅट मात्र दीडशे-दोनशे, असं वीस-पंचवीस मिनिटं दिसतं. तो बर्फ वितळवणारा हीटर, बिघाड नव्हे.

मिक्सरचं थोडक्यात उरकू. ७५० वॅट हा छापील आकडा. सुकं भांडं रिकामं फिरवलं तर खूपच कमी येतो, ओलं खोबरं-मसाला वाटताना वर चढतो. रोज दहा मिनिटं धरली तरी महिन्याला तीन युनिट, फार तर पावणेचार. दोसा-इडलीच्या पिठाला दोन लिटरचा टेबलावरचा ग्राइंडर १५० वॅटचा असतो. उडीद अर्धा तास, तांदळाला पंधरा-वीस मिनिटं, एकूण ०.१२ युनिट. तेच मिक्सरवर केलं तर मिनिटं कमी लागतात, युनिट तेवढंच किंवा थोडं जास्त, आणि पीठ गरम होतं ते वेगळंच. म्हणजे विजेसाठी ग्राइंडर घ्यायचं कारण नाही, पिठासाठी घ्यावा. आरओ फिल्टर चालताना ४०-६० वॅट, नगण्य. चिमणी मात्र फसवते. दोनशे वॅटची मोटार दीड तास रोज म्हणजे महिन्याला नऊ युनिट, मिक्सरच्या तिप्पट, आणि तिच्यावर कुणी आळ घेत नाही. मायक्रोवेव्हवर ८०० लिहिलेलं असतं ती आतल्या अन्नाला मिळणारी ताकद. भिंतीतून तो १२०० ते १३०० ओढतो. दोन मिनिटं आमटी गरम करायला ०.०४ युनिट, म्हणजे पंचवीस-तीस पैसे. खुशाल वापरावा. राइस कुकरला भात शिजेपर्यंत पाव-एकतृतीयांश युनिट, पण ‘वॉर्म’वर सोडून बाहेर गेलात तर ३०-४० वॅट सतत जात राहतात. सकाळचा कुकर रात्रीपर्यंत तसाच ठेवला तर गरम ठेवण्याचा खर्च शिजवण्याएवढा होतो.

आता इंडक्शन, कारण सिलिंडर संपायच्या बेतात असला की प्रत्येक घरात तोच वाद निघतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांएवढी उष्णता असते. गॅसच्या शेगडीवर त्यातली साठ टक्के भांड्यात जाते असं धरलं, आणि इंडक्शनवर पंच्याऐंशी, तर एक सिलिंडर म्हणजे इंडक्शनचे सव्वाशे ते एकशेतीस युनिट. सात रुपये युनिट धरा, पावणेनऊशे ते नऊशे रुपये. सिलिंडरची किंमत याच्याशी ताडून ज्याने-त्याने ठरवावं. फरक मोठा नाही, आणि तो आपल्याकडे ज्या ठिकाणी ठरतो ते गणित वेगळं आहे, ते खाली.

मीटरवर इंडक्शन बघायला मजा येते. शेगडीवर ४०० लिहून येतं आणि मीटर मात्र सहा-सात सेकंद १२०० आणि मग शून्य, पुन्हा १२०० असं नाचतो. स्वस्त शेगड्या आच कमी करतच नाहीत, ती तोडून तोडून देतात. डाळीला त्याचं काही नाही. दूध आटवताना मात्र प्रत्येक झटक्याला बुडाशी लागतं. घरी कुंदा करायचा म्हणून पातळ स्टीलच्या पातेल्यात दूध ठेवलं तर खालचा थर करपणारच. जाड बुडाची, सपाट तळाची, लोहचुंबक चिकटणारी कढई हवी आणि हात थांबता कामा नये. कुंद्याचा विजेचा हिशेब सांगायचा तर एक लिटर दुधातलं आठशे मिलीलिटर पाणी उडवायला गणिताने अर्ध्या युनिटाच्या किंचित वर लागतं. उघड्या कढईचा तोटा धरून ०.७ ते ०.९. म्हणजे लिटरमागे पाच-सहा रुपये. दूध-साखरेच्या खर्चापुढे हे काहीच नाही. भाकरीचा मात्र नाद सोडावा. शेगडीखालची कॉइल वीतभरही रुंद नसते, तवा मध्ये तापतो आणि कडा कच्च्या राहतात, शिवाय फुगवायला जाळ नाही. ज्या घरात दोन्ही वेळा भाकरी आहे तिथे गॅस सुटत नाही. डाळ-भाताचा कुकर, चहा, दूध तापवणं एवढं इंडक्शनवर नेलं तर महिन्याला चाळीस ते सत्तर युनिट वाढतात, माणसांप्रमाणे.

आणि इथेच ती रेघ येते. मराठीत वीजबचतीचं जे काही बघायला मिळतं ते बहुतेक पुण्या-मुंबईचं, महावितरणच्या स्लॅबवर बेतलेलं: शंभरपर्यंत एक दर, तीनशेपर्यंत दुसरा. चंदगड-गडहिंग्लजच्या पाहुण्यांना ते लागू पडतं, निपाणी-बेळगावला नाही. हेस्कॉमच्या, म्हणजे इकडच्या सरकारी वीज कंपनीच्या, घरगुती ग्राहकाला स्लॅबपेक्षा गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या योजनेची मर्यादा बघावी लागते. २०२३ साली ही योजना सुरू झाली तेव्हा प्रत्येक आर. आर. नंबरला (बिलावरचा वीज जोडणीचा क्रमांक) २०२२-२३ सालच्या महिन्याच्या सरासरीवर दहा टक्के जास्त असे फुकट युनिट ठरले. तेवढ्यात राहिलात तर बिल शून्य. त्याच्या वर पण दोनशेच्या आत, तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. दोनशे ओलांडले की फुकट काहीच नाही, पूर्ण बिल अंगावर.

एक घर धरा, मर्यादा १२१ युनिट. इंडक्शन घेऊन वापर १९१ झाला. सात रुपयांनी ७० युनिटांचे ४९० रुपये. पुढच्या महिन्यात गणपतीला पाहुणे आले, वापर २०५. आता २०५ युनिटांचे १४३५. स्थिर आकार बाजूला ठेवला तरी शेवटची चौदा युनिटं ९४५ रुपयांना पडली, म्हणजे एकेक सदुसष्ट रुपयांना! दुसऱ्या टोकाला, ज्याचा वापर मर्यादेपेक्षा तीस युनिट कमी आहे, त्याला तेवढं इंडक्शन फुकट आहे. म्हणून मीटरमध्ये ‘युनिटचा दर’ भरायची सोय कितीही आकर्षक वाटली तरी तिथे काही भरू नये. एकच युनिट एका घरात शून्याला, दुसऱ्यात सातला आणि तिसऱ्यात सदुसष्टला पडतं, हे त्या यंत्राला समजत नाही. आपली मर्यादा किती ते बिलावर बघावं; बिल कानडीत आहे म्हणून आकडा वाचायचा राहू देऊ नये, मीटर रीडर बिल हातात देतो तेव्हाच बोट ठेवून विचारून घ्यावं. महिन्याच्या विसाव्या दिवशी भिंतीवरच्या मीटरच्या रीडिंगमधून मागच्या बिलातलं रीडिंग वजा केलं की रेघ किती लांब आहे ते कळतं. ती जवळ आली असेल तर उरलेले दहा दिवस कुकर गॅसवर.

वॅटमीटरच्या खोडी आता. तो गरम होतो. दोन हजार वॅट तासभर चालवले आणि सॉकेटची पकड सैल असेल, तर ०.१ ओहमच्या सांध्यातही साडेसात वॅट उष्णता एका टिंबाएवढ्या जागेत साठते. प्लास्टिक पिवळं पडणं, मासळीसारखा वास येणं ही खूण. त्यामुळे इंडक्शन आणि ओटीजी एक-दोन वेळा मोजून मीटर काढून ठेवावा. तीन हजार वॅटचा सिंकवरचा इन्स्टंट गिझर यावर लावूच नये, १३ अँपिअर कागदावर बसतात, या पकडीत नाही. आतली बटणाएवढी बॅटरी दमली की लाईट जाताच साठलेलं रीडिंग पुसतं. हेस्कॉम दुरुस्तीसाठी दिवसभर लाईट घालवणार असेल तो दिवस टाळून फ्रिज मोजावा, किंवा आधी ०.०५ युनिट होऊ देऊन दहा मिनिटं प्लग काढून आकडा टिकतो का ते बघावं. पाच वॅटच्या खालचे आकडे मानू नयेत. आणि अंगाने हा एवढा रुंद की ओट्यामागच्या बोर्डवर शेजारचं बटण झाकतो. हातभर लांबीची, १६ अँपिअरची, निदान दीड चौरस मिलीमीटर तारेची एक्स्टेन्शन लागते. इन्व्हर्टर-बॅटरीच्या पुढच्या बाजूला, चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर मोजलेलं रीडिंगही धरू नका.

वायफायवाले १६ अँपिअरचे स्मार्ट प्लग हाच हिशेब मोबाईलवर देतात, रोजचा आलेखही. दिसायला छान, पण त्यांच्यात मोबाईलवरून चालू-बंद होणारा रिले असतो आणि मोबाईलवर चुकून बोट लागलं की फ्रिज बंद. फ्रिजसाठी साधा मीटर बरा.

आणि गिझर, चिमणी, थेट वायरिंगला जोडलेलं काहीही मोजायला पैसे न घालता एक वाट आहे. बाहेरच्या डिजिटल मीटरवर लुकलुकणारा लाल दिवा असतो आणि शेजारी एका युनिटला किती वेळा लुकलुकतो ते छापलेलं, बरेचदा १६०० किंवा ३२००. घरातलं बाकी सगळं बंद करा, एकच उपकरण चालू ठेवा, दहा वेळा लुकलुकायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा. तीन कोटी साठ लाखाला आधी त्या छापील आकड्याने आणि मग सेकंदांनी भागा, वॅट मिळतात. ३२०० च्या मीटरवर साडेसात सेकंद लागले तर १५०० वॅट. घरातली सगळी बटणं बंद करूनही दिवा लुकलुकत राहिला तर आधी इन्व्हर्टर, मग टीव्हीचा सेटटॉप बॉक्स, मग दाराची बेल बघा. मेन स्विच पाडल्यावरही थांबत नसेल तर दोष मीटर आणि मेन यांच्या मधल्या वायरीत किंवा मीटरमध्येच आहे. तिथे स्वतः हात न घालता १९१२ वर आर. आर. नंबर सांगून तक्रार नोंदवावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवावा.